दोरीवरची चित्रकथा

पिरंगुटच्या मंडईत परवा ओळखीच्या एक बाई भेटल्या. मेथीची जुडी उलटसुलट करत म्हणाल्या, "अजून काढता का हो ती कार्टुनं?" 'अजून'वर असा काही जोर, की मी अजून मिश्री लावते का असं विचारत असाव्यात. मी म्हटलं, "काढते की. तुम्ही अजून मेथी खाता ना?" त्या हसल्या, पण मनापासून नाही. माझं तोंड हे असं आहे. त्यापायी बरीच कामं हातची गेली, आणि हाताला जे थोडंफार येतं त्याच्या जोरावर त्यातली काही परतही आली.

तर मी चित्रकथा काढते. कॉमिक्स म्हटलं की लवकर कळतं, म्हणून कॉमिक्स म्हणू. वीस-बावीस वर्षं झाली. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "ताई, या क्षेत्रात उमेद कशी टिकवली त्यावर लिहा." उमेद म्हणजे काय कैरीचं लोणचं आहे, मीठ जास्त घातलं की टिकलं? माझी तर कितीदा नासली. ती पुन्हा कुणी घालून दिली तेवढं मला सांगता येईल, म्हणून लिहायला बसले.

आधी धंद्याबद्दल चार शब्द, कारण याबद्दल गैरसमज फार. लोकांना वाटतं, आधी छानसं चित्र काढायचं आणि उरलेल्या जागेत बोलणं कोंबायचं. मीही सुरुवातीला तसंच करायचे. मग व्हायचं काय, की राजाच्या डोक्यावर संवादाचा फुगा आणि मुकुट फुग्याखाली गडप. खरी रीत उलटी आहे. आधी अक्षरं, मग फुगे, आणि मग त्या फुग्यांच्या खाली माणसं उभी करायची. जो आधी बोलणार तो डावीकडं. नवरा-बायकोचं भांडण काढताना मी बायकोला कायम डावीकडं उभी करते. कुणी अजून तक्रार केलेली नाही.

आणि दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते ना, खरी गंमत तिथं असते. पहिल्या चौकटीत मांजर दुधाच्या पातेल्याकडं बघतंय. दुसरीत मांजर मिशा चाटतंय. दूध पिताना मी काढलेलंच नाही. ते वाचकानं काढलं, मनातल्या मनात आणि फुकटात. म्हणून या कामात कुठल्या चौकटीनंतर कुठली, हा क्रमच सगळं काही. क्रम चुकला की गोष्टीचं वाटोळं.

ते वाटोळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. पिरंगुटच्या एका कारखान्यानं मला सुरक्षिततेची चित्रपट्टी काढायला सांगितली होती. कामगार निरनिराळ्या मुलखांतले, वाचून सगळ्यांना कळेल अशी एक भाषा नाही, तेव्हा चित्रच बरं. मी चार चौकटी काढल्या. कामगारानं हातमोजे काढून ठेवले. हात यंत्रात सापडला. दवाखान्यात हाताला बँडेज. आणि शेवटी हातमोजे घालून गडी हसतोय. महिन्याभरानं गेले तर साहेबांनी ती पट्टी कौतुकानं एका गोल खांबाला गुंडाळून चिकटवलेली! आता गोल खांबाला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला? समोरून येणाऱ्याला पहिलं दिसायचं बँडेज. मग हातमोजे घालून हसणारा गडी. मग तो हातमोजे काढतोय, आणि मग पुन्हा हात यंत्रात. मी कपाळावर हात मारला. तिथल्या सुपरवायझरला म्हटलं, "अहो, सगळं उलटंपालटं झालं की!" तो शांतपणे म्हणाला, "राहू द्या मॅडम. हितं असंच होतंय." पट्टी तशीच राहिली.

एका प्लॉटवाल्यानं तर कमाल केली. त्याच्या जागेची जाहिरात चित्रकथेत हवी होती. मी प्रामाणिकपणे मागचा डोंगर, विजेचा टॉवर, सगळं काढून दिलं. तो म्हणाला, "डोंगर पुढं घ्या, टॉवर मागं सारा." मी म्हटलं, "दादा, टॉवर सरकवायला वीज मंडळ लागतं." काम गेलं. असल्या कामांवर घर चालतं आणि असल्या कामांनीच जीव विटतो, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. स्वतःची गोष्ट स्वतःच्या मनासारखी काढायला मिळावी म्हणून तर माणूस या वाटेला येतं, आणि नेमकी तीच कायम उद्यावर पडते.

आता घराबद्दल. माझं सासर मुळशीतलं, पिरंगुटच्या पुढं. कधीकाळी भाताची खाचरं होती. सासऱ्यांच्या हयातीतच ती एकेक करून विकली गेली. गावात सगळ्यांचीच गेली, आमची काही वेगळी नव्हती. त्यातून दोन मजली खोल्या बांधल्या आणि भाडेकरू ठेवले. सासरे गेले. आता घरात मी, नवरा संपत आणि सासूबाई. इकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते. संपत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. आत्यांनी एक म्हैस हट्टानं ठेवलीय. "खाचर ग्येलं, निदान दावणीला तरी कायतरी असूंद्या," असं म्हणाल्या होत्या. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

तळमजल्याच्या खोल्यांपुढून लांबलचक व्हरांडा जातो. त्याच्या एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला गोठा. मी अजून कागदावर, काळ्या शाईनं, ब्रशनं काढते. आणि आमच्याकडं पावसाळ्यात सगळं सादळतं. पापड सादळतात, काडेपेटी सादळते, माणसंही सादळतात. कागदावरची शाई दिवसदिवस ओली राहते, आणि पानावर पान ठेवलं की राजाच्या मिशा राणीला लागतात. शेवटी कंटाळून मी त्या व्हरांड्यात दोरी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून पानं वाळत घातली. पहिलं पान रस्त्याच्या बाजूला, मग पुढची ओळीनं गोठ्याकडं.

पहिली तक्रार आत्यांची. "चड्ड्या वाळवायच्या जागंवर कागुद? लोकं काय म्हनतील?"

लोक काही म्हणाले नाहीत. लोक वाचायला लागले! कामावरून येणारा माणूस चपला काढता काढता थांबायचा, एक पान बघायचा, मग दुसरं. माझा पहिला पक्का वाचक म्हणजे वरच्या खोलीतला प्रधान. ओडिशाचा, वेल्डिंगचं काम करणारा, मराठीत 'पाणी' आणि 'पगार' एवढे दोनच शब्द येणारा. फुगे त्याला वाचता यायचे नाहीत, तरी गोष्ट कळायची. एकदा पाठ धरली म्हणून मी चार दिवस टेबलाला बसले नव्हते, तर हा दारात हजर. "दीदी, आगे का पन्ना कब सूखेगा?" मी म्हटलं, "अरे, अजून काढलंच नाही." तर म्हणाला, "तो निकालो ना!" जणू पान माझ्या कपाटातच होतं आणि मीच द्यायला कां-कूं करत होते.

दुसरी स्नेहल. यवतमाळची, हिंजवडीत कंपनीत. ती माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर पेन्सिलीनं खुणा करून जायची. पहिल्यांदा मला असा राग आला! मग खुणा बरोबर निघाल्या आणि राग गिळावा लागला. एक दिवस तिनं विचारलं, "ताई, आता तर मशीनला सांगितलं की चित्रं काढून देतं. तुम्ही कशाला एवढं करता जी?" मी विचारलं, "मग मशीनची चित्रं बघ ना. माझ्या दोरीशी का उभी राहतेस?" तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मशीन उद्या काय करणार याची मला उत्सुकता नाही ना." त्या पोरीला मी त्या दिवशी भाताची खीर करून घातली.

उमेद म्हणतात ती ही अशी, चपला हातात घेऊन दारात उभी असायची. कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही, पण 'पुढचं पान कुठाय' म्हणून दटावणारी माणसं मिळाली. या माणसांचे उपकार माझ्यानं फिटणार नाहीत. त्यांच्याच जोरावर मी मोठी गोष्ट काढायला घेतली.

ती गोष्ट एका बाईची. लग्न होऊन येते, नवऱ्याबरोबर खाचरात लावणी करते. मग मोजणीवाले येतात, खुंट्या ठोकल्या जातात. बाई कागदावर सही करते. डंपर येतात, मुरमाचा भराव पडतो. दारात मोटार येते. आणि शेवटच्या पानावर बाई बावधनच्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत, गजाला धरून उभी. बाईला मी नाव दुसरं दिलं, नाक दुसरं दिलं. नाक बदललं की माणूस बदलतं, अशी आमच्या धंद्यात एक अंधश्रद्धा आहे. गोष्ट होती आत्यांचीच. त्या बावधनला गेल्या नाहीत एवढाच फरक. त्यांना मी विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती हे खरं.

काही वर्षं मी ते काढत होते, इतर कामांतून वेळ चोरून. जेवढी पानं व्हायची तेवढी दोरीवर लागायची, वाळली की काढून ठेवायची. आत्या गोठ्यातून दुधाची बादली घेऊन त्याखालून जायच्या. मान वर करून त्यांनी कधी बघितलंय असं मला तरी दिसलं नाही.

पुस्तक पुरं झालं तेव्हा पुण्यातल्या एका प्रकाशकांकडं गेले. त्यांना मूळ पानंच बघायची होती, म्हणून सगळा गठ्ठा त्यांच्याकडं ठेवला. पुढं त्यांनी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "चित्रं उत्तम आहेत हो. पण कॉमिक्स पालक मुलांसाठी घेतात. एवढं दुःख चित्रात कोण विकत घेणार?" वर म्हणाले, "शेवट जरा गोड करता आला तर बघा." मी म्हटलं, "शेवट माझ्या हातात असता तर गावात खाचरं असती." आणि गठ्ठा उचलून निघाले. चांदणी चौकात बसची वाट बघताना पावसानं झोडपलं. छत्री होती, पण ती मी धरली होती माझ्या डोक्यावर, आणि पिशवी राहिली बाहेर. माणूस खचलं की असंच काहीतरी करतं.

घरी येऊन मी संपतला सांगून टाकलं, "झालं माझं. आता पुरे." त्याच सुमारास बावधनच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाई हव्या होत्या. मुलाखत झालेली, त्यांना मी पसंत होते. सोमवारी सकाळी त्यांचा फोन येणार होता, हो की नाही एवढंच सांगायचं. नोकरी वाईट नव्हती, मुलांना शिकवणं तर मुळीच वाईट नाही. पण सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी दमून यायचं, म्हणजे टेबल कायमचं बंद हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगते, ते बंद व्हावं असंच मला वाटत होतं. दर वेळी आशा धरायची आणि दर वेळी चहा पिऊन परत यायचं, याचा वीट आला होता. संपत एवढंच म्हणाला, "तू म्हणशील तसं. फक्त चिडून ठरवू नकोस." मी चिडूनच ठरवलं.

सोमवारी सकाळी पिशवीतला गठ्ठा उघडला. पानं ओलसर, कडा वाकलेल्या. पुस्तक मेलं तरी पानं कुजू द्यायला जीव होईना. म्हटलं वाळवू आणि एकदाची माळ्यावर टाकू. दोरी कमी पडली म्हणून अजून एक जोडली आणि रस्त्यापासून गोठ्यापर्यंत सगळी पानं लावली. इतकी एकदम कधीच लागली नव्हती. भाडेकरू कामाला गेलेले, व्हरांडा रिकामा. मी आत जाऊन चहा टाकला.

बाहेर आले तर गोठ्याकडच्या टोकाला आत्या उभ्या. बादली खाली ठेवलेली. शेवटच्या पानावर, त्या गॅलरीतल्या बाईच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होत्या.

"आत्या, काय बघताय?"

"बगू नको? मग लावलंयस कशाला?"

त्या माझ्याकडं न बघता स्वतःशीच बोलायला लागल्या. "ही बाई बग, वर टांगल्याली. कबुतरावानी." एक पाऊल पुढं. "मंग खाली आली बया. बरं झालं." पुढचं पान. "मोटार ग्येली. जाऊंदे, नुस्ती दारात हुबी असायची." आणखी पुढं. "हितं डंपर आलं. समदा भराव भरून घिऊन ग्येलं. आन् खालनं खाचर निगालं." इथं त्या जरा थांबल्या. कागदाला बोट लावलं नाही, पण बोट कागदाच्या अगदी जवळून फिरवलं. "हितं बाईनं कागदावरनं प्येन उचाललं. सई न्हाई केली. हितं त्या मोजनीवाल्यानी खुट्या उपाटल्या, ग्येलं बोंबलत." आता आवाज चढला होता. "आन् हितं लावनी. मालक बी हायेत. समदी हायेत."

त्या पहिल्या पानाशी, रस्त्याच्या टोकाला पोचल्या होत्या. चेहरा असा खुललेला, की मी तसा लग्नानंतर दोन-चारदाच बघितला असेल. मला वाटलं, बिचाऱ्यांना कळलंच नाही. आणि माझ्यातली मास्तरीण शाळेत जायच्या आधीच जागी झाली. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही उलटीकडून बघताय. गोष्ट या बाजूनं सुरू होते, रस्त्याकडनं."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, पण नजर अशी की मी हातातला कप खाली ठेवला.

"मला म्हाईत न्हाई व्हय? येडी समजतीस का मला? रस्त्याकडनं कसं हाय ते तू नको सांगू. तिकडनं मी जगलीया."

त्या पुन्हा पानांकडं वळल्या.

"नाक दुसरीचं लावलंस म्हून मी मला वळखनार न्हाई व्हय गं? समदं बगितलंय मी, तू लावत हुतीस तवापास्नं. पर मी गोठ्याकडनंच बगती. तिकडनं बगितलं की खाचर माघारी येतंय."

मी तिथंच व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. लाजबीज काही वाटली नाही. एवढी वर्षं मी समजत होते, की माझे वाचक म्हणजे प्रधान आणि स्नेहल. आणि घरातली ही बाई रोज दोन वेळा, हातात बादली घेऊन, माझी गोष्ट आपल्याला हवी तशी लावून घेत होती. त्या दुधाच्या बादलीवर हात ठेवून सांगते, इतका मान मला कुणी दिलेला नाही.

आत्यांना रडणं-बिडणं खपत नाही. "गप. पर येक चुकलंयस तू," त्या म्हणाल्या आणि पहिल्या पानाकडं बोट केलं. लावणीची एक छोटी चौकट होती, कोपऱ्यात. माझ्या हिशेबानं ती नुसती सुरुवात होती, गोष्ट पुढं होती. "येवडं समदं परत मिळवत माणूस हितंवर आलं, आन् शेवटाला येवडुसंच खाचर? मोठं काड. समदं पान भरून काड. पानी काड त्यात."

"आत्या, ते पुस्तक नाही निघत आता. मी शाळेत जाणार आहे."

"निगंना का न निगंना. मला बगायचंय."

पुढं ते पुस्तक निघालं. दुसऱ्या गावच्या एका छोट्या प्रकाशकानं काढलं. थोड्या प्रती विकल्या गेल्या, बऱ्याचशा आमच्या जिन्याखाली आहेत, कुणाला हवी असेल तर यावं. उघडल्याबरोबर समोरासमोरची दोन्ही पानं भरून खाचर आहे, आकाशासकट, पाण्यासकट. समीक्षकांनी त्या सुरुवातीचं फार कौतुक केलं. ती सुरुवात नाही, शेवट आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी पुस्तक नव्हतं, प्रकाशक नव्हता, माळ्यावर टाकायचा एक गठ्ठा तेवढा होता. मी आत जाऊन कोरा कागद टेबलाला लावला. आत्या मागोमाग आल्या. एवढ्या वर्षांत माझ्या कामाच्या खोलीत त्या पहिल्यांदा बसल्या असतील, स्टूल ओढून, अगदी माझ्या कोपराशी. शाई ढवळून मी ब्रश उचलला, आणि तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. शाळेचा नंबर. मी आत्यांकडं बघितलं.

"वाजूंदे," आत्या म्हणाल्या. "आदी खाचर काड."